फळीवरची टाच

२ ऑक्टोबर १९११, सोमवार

स्नूक म्हणतो, तारीख नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुजबुज. तारीख घातली की तिचा पुरावा होतो. स्नूक कॅथीड्रलच्या मुख्य पाद्र्यांच्या, म्हणजे डीनसाहेबांच्या, पुढे चांदीची काठी घेऊन चालतो, त्यामुळे अशा गोष्टी त्याला कळत असणार. म्हणून ही वही घेतली. शाई जुनी आहे, पाणी घालून पातळ केली आहे. पुराव्याला चालेल की नाही कोण जाणे.

मी एनॉक टिडबॉल, वय अडुसष्ट, मार्लचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गनचा भाता मारतो. चौतीस वर्षं झाली. ऑर्गन वाजवतात ते डॉक्टर हेसल्डीन. औषधांचे नव्हेत, संगीताचे डॉक्टर. ते एकतीस वर्षांपूर्वी आले, तेव्हा केस काळे होते आणि जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचे. लोक म्हणतात, असा वाजवणारा या मुलखात झाला नाही. नसेल. पण त्यांनी पट्ट्यांना बोट लावलं की नळ्यांतून जो वारा जातो तो माझा असतो, आणि हे लोकांना सांगावं लागतं.

संशय असा आहे की डॉक्टरांना मला काढून माझ्या जागी विजेचं यंत्र बसवायचं आहे. नदीपलीकडच्या चर्चमध्ये बसवलंच आहे. तिथला भातेवाला आता बदकं पाळतो. मला बदकं आवडत नाहीत.

५ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी डॉक्टर माझ्या खोलीत आले. खोली कसली, ऑर्गनच्या पाठीमागचं लाकडी खुराडं. मी म्हटलं, "डॉक्टर, दांड्याची खीळ कुरकुरतेय, तेल पाहिजे." ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "टिडबॉल, दिव्याकडे तोंड करून बोल."

चोराला विचारतात तसं! मी वळलो, पुन्हा सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघत होते की मला वाटलं, दारूचा वास शोधताहेत. "मग घाल की तेल," म्हणाले आणि गेले. तेल नव्हतंच. ती खीळ सबंध स्तोत्रभर डुकरासारखी किंचाळली, खाली डीनसाहेबांनीसुद्धा मान वर केली, पण डॉक्टरांनी हूं की चूं केलं नाही. पूर्वी माझी शिंकसुद्धा चालायची नाही त्यांना. मनात काहीतरी शिजत असल्याशिवाय माणूस इतका सोशीक होत नाही.

घरी येऊन ड्रूसीला सांगितलं. ड्रूसी माझी विधवा बहीण, घर तीच बघते. म्हणाली, "तू सगळं तोंडातल्या तोंडात चावतोस. तुझं बोलणं ओठांवरून वाचावंच लागतं. मी नाही का वाचत?" तिला गांभीर्य नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

छातीत कफ. मांजर दोन दिवस आलेलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज पंधरा तारीख. कोणती स्तोत्रं कोणत्या दिवशी म्हणायची ते महिन्याच्या तारखेवर ठरलेलं असतं आणि पंधराव्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं येतं. सत्तरांवर कडवी. देशातला प्रत्येक भातेवाला पंधरा तारखेला थोडा लवकर म्हातारा होतो.

मला स्वरांचं काही कळत नाही. मी दांडे मोजतो. दांडा एकदा दाबून वर सोडला की एक. समोर दोरीला शिशाचा ओळंबा लोंबतो. भाता भरला की तो खाली येतो, वारा संपत आला की वर चढतो. त्याच्यावर नजर ठेवायची, की झालं. डॉक्टर नवे आले तेव्हा या स्तोत्राला दोनशे दहा दांडे लागायचे. वीस-पंचवीस वर्षं तेवढेच. गेल्या साली अडीचशे झाले. आज तीनशे अठरा! याचा अर्थ सरळ आहे. खुंटी बाहेर ओढली की तिच्या नळ्या बोलतात, आणि नळी जितकी मोठी तितका ती वारा खाते. ते मोठमोठ्या नळ्यांच्या खुंट्या ओढतात, गरज नसताना.

त्या स्तोत्रात एक ओळ आहे, रानात उपाशी लोकांवर आभाळातून भाकर पडते ती. तिथे डॉक्टर सगळ्या खुंट्या आत ढकलून एकच बारीक नळी ठेवायचे. ओळंबा जागचा हलायचा नाही. मी तेवढ्यात नाक शिंकरून घ्यायचो. एकतीस वर्षं माझं नाक त्या ओळीला शिंकरलेलं आहे. आज तिथेच ओळंबा सरसर वर गेला आणि मला रुमाल काढता आला नाही.

बाहेर स्नूकला सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारबा, सरळ आहे. दमवून दमवून तुला पाडायचं. तू दांड्यावर कोसळलास की 'अरेरे' म्हणायचं आणि यंत्र आणायचं. किती दांडे झाले ते लिहितोस ना?"

लिहितो म्हटलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन गोष्टी. पहिली, डॉक्टर गुरुवारी सकाळच्या गाडीने लंडनला जातात. हा तिसरा गुरुवार. कशाला, ते कुणालाच सांगत नाहीत. स्नूक म्हणतो, यंत्रवाल्यांची दुकानं लंडनलाच आहेत.

दुसरी, ते नसताना सुतार आला. माझं खुराडं आणि डॉक्टरांची बैठक यांच्यामध्ये एक फळी आहे. तिची मापं घेतली. मग पलीकडे जाऊन डॉक्टरांच्या बाकापासून या फळीपर्यंत एक सागवानी पट्टी ठोकून बसवली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं. बाक आणि फळी एकजीव पाहिजे म्हणाले." मी मनात म्हटलं, हा यंत्राचा पाया.

या फळीचा एक अपमान आहे, तो इथे लिहून ठेवतो. माझ्या खुराड्याला खालच्या बाजूला एक फट आहे. तिथून गाणाऱ्यांच्या रांगा दिसतात, पाद्र्यांचं बोलणं ऐकू येतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "टिडबॉल, पाद्री बोलायचे थांबले की फळीवर टाच मार. एक टाच म्हणजे आता वाजवा. गाणारे थांबले की दोन. दोन म्हणजे आता थांबा. म्हणजे मला कळेल तू जागा आहेस." जागा आहेस! चौतीस वर्षांत मी एकदाच झोपलो. सुगीच्या सणाला, आणि त्या दिवशी सफरचंदाची दारू चर्चच्याच अंगणात पाजली होती. पण एकदा झोपलेल्या माणसाला तोंड नसतं. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ टाच मारतो. बुटाची टाच झिजते ती माझ्या पदरची.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं! सोमवारी डॉक्टरांची बैठक मीच झाडतो. बाकाखाली कापसात गुंडाळलेली डबी होती. आत टिनाचे दोन छोटे शिंपले, अक्रोडाच्या कवचाएवढे, आतून पोकळ, एका बाजूला बारीक नळी. दोघांना जोडणारी वाकलेली तार, लवचीक. वरून काळा रंग दिलेला. यंत्राची झडप असणार. नमुना आणला आहे. स्नूकला दाखवलं, तो म्हणाला, "वाऱ्याचंच काहीतरी आहे. जपून ठेव. वही आणि हे, दोन्ही मिळून डॉक्टरांचं तोंड बंद होईल."

कोटाच्या खिशात ठेवलं आहे. चोरी नव्हे, पुरावा.

२५ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर गुडघ्यांवर बसून बाकाखाली शोधत होते. साठीला आलेला माणूस, अंगात पांढरा झगा, गुडघ्यांवर! मला बघून उठले. "टिडबॉल, झाडताना इथे काही सापडलं?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी दिव्याकडे तोंड करून नाही म्हटलं. त्यांचा चेहरा किल्ली हरवलेल्या माणसासारखा झाला. यंत्रवाल्यांचा नमुना हरवला तर एवढं काय? नवा मागवता येतो की.

नंतर फळीच्या कडेने डोकावून बघितलं. प्रार्थनेला वेळ होता. ते एका हाताने एक पट्टी दाबून धरत आणि दुसरा तळवा ऑर्गनच्या लाकडावर टेकत. मग गालच टेकला. बराच वेळ. लाकूड किती सोसेल त्याची परीक्षा चाललेली. यंत्र बसवल्यावर थरथरतं म्हणतात.

२९ ऑक्टोबर, रविवार

स्नूकने पक्की बातमी आणली. डीनसाहेबांच्या मेजावर यंत्राचं चित्र असलेला कागद त्याने स्वतः बघितला. कुणी पाठवला ते त्याला माहीत नाही, पण म्हणाला, "आणखी कोण पाठवणार? तू?"

रात्री जेवण गेलं नाही. ड्रूसी म्हणाली, "उकडलेलं मटण आणि सलगम, दोन्ही मांजराला घालू का? ते आलंय एकदाचं." मी म्हटलं, "माझी चौतीस वर्षं जाताहेत आणि तुला सलगमचं पडलंय." ती म्हणाली, "तुझी चौतीस वर्षं मी रोज ऐकते, सलगम आठवड्यातून एकदाच असतं."

मी ठरवलं आहे. येत्या बुधवारी सर्व संतांचा सण आहे. बिशपसाहेब येणार. मी दांडा मारीन, ते माझं काम. पण टाच मारणार नाही. माझ्या जागेपणाचा दाखला त्यांना हवा असेल तर नळ्यांतल्या वाऱ्यात बघावा. ज्याला मला काढायचं आहे त्याच्यासाठी मी बूट का झिजवू?

१ नोव्हेंबर, बुधवार

 जे झालं ते क्रमाने लिहितो.

चर्च भरलेलं. आजचं गीत डॉक्टरांचं स्वतःचं, ते इथे आले त्या साली रचलेलं. एकशे बारा दांड्यांचं. सुरुवात एकट्या ऑर्गनची, मग गाणारे. बिशपसाहेबांची प्रार्थना संपली. मी भाता काठोकाठ भरला, ओळंबा तळाला टेकला. टाच उचललीच नाही.

शांतता. मी मनात म्हटलं, बघू या आता. गाणारे उभे. कुणीतरी खोकलं. मी फटीतून बघितलं, बिशपसाहेबांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पन्नास मोजले मी. शंभर मोजले. वर डॉक्टर हालचाल करीनात. भाता भरलेला, पट्ट्या समोर, सगळे वाट बघताहेत, आणि हा माणूस पुतळ्यासारखा! शेवटी डीनसाहेबांनीच पुढची प्रार्थना सुरू केली. ते चार शब्द बोलले असतील नसतील, तोच डॉक्टरांना बाकासमोरच्या आरशात काय दिसलं कोण जाणे, सबंध ऑर्गन त्यांच्या प्रार्थनेवर कोसळला. सगळ्या खुंट्या बाहेर. ओळंबा उडाला. मी सवयीने दांडा धरला. खाली डीनसाहेबांचं तोंड नुसतं उघडझाप होत होतं.

गाणाऱ्यांनी कसंबसं ते गीत धरलं आणि सोडलं.

डॉक्टर जिन्यावरून गेले ते माझ्या दारावरून. थांबले नाहीत. त्यांना मी दिसलोच नाही असं चालत होते. मी जिंकलो असं मला वाटायला पाहिजे. वाटत नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज गुरुवार असून डॉक्टर लंडनला गेले नाहीत. सगळ्या गल्लीत एकच चर्चा. पावाच्या दुकानात बायका म्हणाल्या, डॉक्टरांना झटका आला. खाटकाकडे म्हणाले, पितात.

दुपारी स्नूक धावत आला. "म्हातारबा, तुझं नशीब उघडलं! डीनसाहेब म्हणाले, डॉक्टरांकडून आता होतं की नाही हे बघायला हवं. मी सांगितलं, आमच्या टिडबॉलकडे तारीखवार सगळं लिहिलेलं आहे. शनिवारी दहाला वही घेऊन ये. डॉक्टर जातील, तू राहशील."

"आणि यंत्राचा कागद?"

"तो होय. तो डीनसाहेबांनी आपणहून मागवला होता. डॉक्टर म्हणे वर्षभर नको नको म्हणत होते."

"नको म्हणत होते? का?"

"मला काय माहीत का! तू वही आण."

मी विचार करतो आहे. नको का म्हणतील? यात काहीतरी खोच आहे.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी नेहमीप्रमाणे ऑर्गनशिवाय गाणं. मी घरी.

ड्रूसीने कोट झटकायला घेतला आणि ती डबी तिच्या हाताला लागली. मी म्हटलं, "हात लावू नकोस, यंत्राची झडप आहे." ती उलटसुलट बघत राहिली. मग तार ताणली, डोक्यावरून घातली आणि दोन्ही शिंपले कानांत बसवले. अगदी मापाने बसले. काळी तार केसांत दिसेना. मला हसू आलं. म्हटलं, "शोभतंय. रविवारी घालून जा."

ती हसली नाही. म्हणाली, "एनॉक, किटली केवढ्यांदा उकळतेय."

मी म्हटलं, किटली नेहमीसारखीच उकळतेय.

"हं. घाल तू."

मी घातलं. घड्याळाची टिकटिक घणासारखी आली. शेगडीतला कोळसा ढासळला तो भिंत पडल्यासारखा. मांजर स्वतःला चाटत होतं, ते मला ऐकू आलं. ड्रूसी माझ्यासमोर बसली आणि मुद्दाम कुजबुजली. प्रत्येक शब्द कळला.

"किती दिवस झाले तुझ्या खिशात?"

"अकरा."

"आणि टाच नाही मारलीस बुधवारी."

मी काढून मेजावर ठेवलं. मग हीच वही पहिल्यापासून वाचली. दिव्याकडे तोंड. किंचाळणारी खीळ. लाकडावर टेकलेला गाल. बाक आणि फळी एकजीव. सगळं मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात, तारखांसकट. पुरावा उत्तम झाला आहे. डीनसाहेबांना चार पानं वाचली तरी पुरेत.

ड्रूसी म्हणाली, "उद्या काय सांगणार?"

मी म्हटलं, मला विचार करू दे. ती म्हणाली, "तू विचार केलास की असं होतं."

४ नोव्हेंबर, शनिवार

दहाला गेलो. डीनसाहेबांच्या खोलीत इतका गालिचा आहे की पाय कुठे ठेवावा कळत नाही. स्नूक दाराशी उभा.

"वही आणलीस, टिडबॉल?"

"नाही साहेब. शेगडीत गेली."

स्नूकने घसा खाकरला. मी मागे बघितलं नाही.

"बुधवारी काय झालं, तुला ठाऊक आहे?"

"हो साहेब. माझा डोळा लागला. भाता रिकामा झाला. डॉक्टर पट्ट्या दाबत बसले असतील, वारा नाही तर आवाज कुठून येणार? जाग आली तेव्हा घाबरून मी सगळा जोर लावला. म्हणून एकदम तो असा आला, तुमच्या प्रार्थनेवर."

"झोपलास? बिशप समोर असताना?"

"पूर्वीही एकदा झोपलोय साहेब. सुगीच्या सणाला. स्नूकला विचारा."

स्नूकला हो म्हणावंच लागलं. ते खरंच होतं.

डीनसाहेब खिडकीशी गेले. "मी डॉक्टरांवर उगाच शंका घेतली. हल्ली फार मोठ्यांदा वाजवतात, असं लोक म्हणतात ते?"

"जुना भाता आहे साहेब. कधी गळतो, कधी फुगतो."

"मग निर्णय सोपा झाला," ते म्हणाले. "तुझं वय झालं, टिडबॉल. ईस्टरपर्यंत तू सांभाळ. ईस्टर झाला की यंत्र बसेल."

मी टोपी उचलली. जिन्यात स्नूक म्हणाला, "वेडा झालास काय? पुढे काय करणार?"

"बदकं पाळीन."

६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी झाडताना ती डबी बाकाखाली होती तिथेच ठेवली. कापूस नवा घातला.

संध्याकाळी डॉक्टर माझ्या दारात आले. त्यांनी सांगायच्या आधीच मी दिव्याकडे तोंड केलं. ते बघून ते जरा थांबले.

"डीन म्हणतात, तू झोपला होतास."

"झोपलो होतो, डॉक्टर."

"ओळंबा तुझ्या एकट्याकडे नाही, टिडबॉल. माझ्या बाकाशेजारीही एक आहे. भाता सगळा वेळ भरलेला होता."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. चौतीस वर्षांत मी कधी त्यांच्या बाकावर बसून बघितलं नाही.

"टाच का मारली नाहीस?"

मी सांगणार होतो, पाय दुखत होता. पण दिवा तोंडावर होता. म्हटलं, "मला वाटलं तुम्ही मला काढताय."

ते एकदम खाली, भात्याच्या कठड्यावर बसले. एकतीस वर्षांत माझ्या खुराड्यात कधी बसले नव्हते.

"तुला काढू? यंत्राला टाच नसते, टिडबॉल."

   मग त्यांनी सांगितलं. लंडनच्या कानांच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत. वरचे स्वर आधी गेले, आता मधले जाताहेत. आठवणीने वाजवतात. हा ईस्टर झाला की आपणहून डीनसाहेबांना सांगतील. "एक ईस्टर मला नीट वाजवायचंय. त्यानंतर नाही. तोवर टाच मारशील?"

मी म्हटलं, "फार मोठ्यांदा वाजवता तुम्ही."

ते हसले. "मग तेही सांग. कसं सांगशील?"

ठरलं असं: टाच फळीवर घासली की खुंट्या आत.

२० नोव्हेंबर, सोमवार

ते ईस्टरनंतर खरंच सांगतील कशावरून? मोठी माणसं ऐन वेळी विसरतात. मी झोपाळू ठरलो ते ठरलोच. पावाच्या दुकानातली मला "शुभ रात्री" म्हणते, भर सकाळी. ड्रूसीला हा विचार सांगितला. म्हणाली, "बरं वाटलं. मला वाटलं तू आजारी आहेस, चार दिवस कुणावर संशय नाही."

१५ डिसेंबर, शुक्रवार

पंधरा, पण शुक्रवार. अठ्ठ्याहत्तरावं ऑर्गनशिवाय म्हटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा शुक्रवार आला म्हणून वाईट वाटलं.

१५ जानेवारी १९१२, सोमवार

अठ्ठ्याहत्तरावं. आभाळातल्या भाकरीच्या ओळीआधी मी टाच घासली. डॉक्टरांनी खुंट्या आत ढकलल्या. पुन्हा घासली. आणखी आत. तिसऱ्यांदा घासली तेव्हा ओळंबा जागच्या जागी थांबला.

मी नाक शिंकरलं.

एकूण दोनशे चौदा दांडे.

३ एप्रिल, बुधवार

ड्रूसीने बुटाला नवी टाच मारून आणली. मी सांगितलं नव्हतं. यंत्रवाले ईस्टरनंतरच्या मंगळवारी येणार. खोके आताच येऊन पडले आहेत. मी त्यांच्याकडे बघत नाही.

आज डॉक्टर म्हणाले, "रविवारी लोक बाहेर पडेपर्यंत वाजवत राहीन. सगळे गेले की दोन टाचा मार. मग मी उठेन. डीनना पत्र लिहून ठेवलंय, खिशात आहे." पत्र मला दाखवलं. पाकिटावर नाव होतं. आत काय आहे ते कसं कळणार?

७ एप्रिल, ईस्टरचा रविवार

चर्चमध्ये पिवळी फुलं, इतकी की शिंका येत होत्या. मी आवरल्या. एकही टाच चुकली नाही. त्यांचंही काही चुकलं नाही. एका ठिकाणी घासावी लागली, ती मी जरा घाईच केली असेन.

शेवटी लोक बाहेर पडू लागले. डॉक्टर वाजवत होते, भरभरून, आणि आज मी घासलं नाही. फटीतून बघत होतो. गाणारे गेले, पाद्री गेले. डीनसाहेब गेले, त्यांच्यापुढे काठी घेऊन स्नूक. एक बाई हातमोजा विसरून परत आली, तीही गेली. मग कुणी नव्हतं.

मी एक टाच मारली.

दुसरी मारायला पाय उचलेना. खरंच उचलेना. संधिवात असेल, किंवा नवी टाच जड असेल. मी उभा राहिलो आणि पाय तसाच.

एक टाच म्हणजे वाजवा. वर क्षणभर काहीच झालं नाही. मग खुंट्या आत गेल्याचा आवाज आला, एकामागून एक, सगळ्या. आणि एकच बारीक नळी सुरू झाली. ती ओळ होती, भाकरीची. ओळंबा हलत नव्हता. मी दांड्याला नुसता हात लावून उभा राहिलो. मग ती दुसऱ्यांदा आली, जरा वेगळी. मी अधूनमधून दांडा मारला. आज मोजले नाहीत.

ते आपणहून थांबले. बाकावरून उठल्याचं सागवानी पट्टीतून, फळीतून माझ्या हाताला कळलं. जिन्यावर पावलं वाजली, माझ्या दाराशी थांबली. मी दिव्याकडे तोंड करून उभा होतो.  त्यांनी खिशातलं पत्र काढून वर धरलं, मला दिसेल असं, आणि डीनसाहेबांच्या घराकडे गेले.

आता मी विचार करतो आहे. चर्च रिकामं झालेलं त्यांना आरशात दिसत होतं. मंगळवारी यंत्र येणार हेही माहीत होतं. दुसरी टाच यायची राहिली आहे एवढं त्या माणसाला कळलं नसेल? मला दाट संशय आहे, त्यांना सगळं कळलं होतं.

घरी आलो तर ड्रूसी दारातच. "मटण गार झालं, पुदिन्याची चटणी काळी पडली. चर्च सुटून तास झाला! कुठे होतास?"

म्हटलं, भात्यापाशी डोळा लागला.